आबांनी पुसलेली होडी

एकदा एक रेघ किंचित आत आल्यासारखी वाटली, आणि तिथूनच या गोष्टीला सुरुवात झाली.

खाडीकाठच्या एका गावात होड्यांची रेखाचित्रे काढणारे एक वृद्ध गृहस्थ राहत. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्या काम शिकत होती. हुशार, पदवीधर, पण दार वाजले तरी दचकणारी. आबांची चित्रे आता कागदावर नसत. त्यांनी क्लाउडवर एक सामायिक कोठार घेतले होते. आबा इथून चित्र ठेवीत आणि चार तालुके पलीकडच्या बंदरावर धाकू मिस्त्री तेच चित्र पडद्यावर उघडून लाकूड कापीत. त्या कोठाराची राखण, दुरुस्ती, कुलूपकिल्ली, सगळे एक कंपनी पाहत असे.

त्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन आबा नव्या होडीचे चित्र न्याहाळत होते. मागे उभ्या शिष्येला फासळीची एक रेघ खटकली. होडी लाटेवर कलंडू नये म्हणून ती रेघ तिने स्वतःच मागच्या आठवड्यात बाहेर घेतली होती. मग ही पुन्हा आत कशी?

"आबा, हे जुनं चित्र आहे."

"मग नवं कुठंय?"

"माझ्या लॅपटॉपवर. घरी. तरीने खाडी ओलांडून पलीकडे." "कोठारात सगळ्यांचा वावर. कुणाचा चुकून हात लागला तर? म्हणून मी माझ्याच प्रतीत दुरुस्त्या करत गेले. आधी 'अंतिम', मग 'नवे अंतिम', मग 'आता खरंच अंतिम'..."

"आणि खरंच अंतिम घरी झोपलंय," आबा म्हणाले. "बरं, धाकू करवत कधी लावतोय?"

"आज सकाळीच, आबा!"

आबांनी कप खाली ठेवला. लाकूड साधे नव्हते. ही होडी बांधून घेणाऱ्या कोळी कुटुंबाने आजोबांच्या मोडक्या गलबतातून सोडवून, वर्षानुवर्षे जपलेला तो साग होता. फासळ्या आखूड कापल्या गेल्या, तर तसा दुसरा साग आणायचा कुठून?

शिष्येने मिस्त्रींना फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजून थांबली. तिने निरोप पाठवला. तोही कुणी वाचला नाही. तिने पुन्हा फोन लावला.

"करवत चालू असेल, म्हणून ऐकू जात नसेल. आबा, कापायला लागले असतील हो ते!"

"किंवा पान जमवत बसला असेल. त्याला चुना लावायलाच अर्धा तास लागतो." एवढे बोलून आबांनी कळफलक पुढे ओढला, कोठारातले ते चित्र निवडले आणि शांतपणे पुसून टाकले. पडदा रिकामा झाला.

शिष्या किंचाळलीच. "आबा! काय केलंत हे? होतं तेवढंही घालवलंत!"

"फोन ठेवू नकोस," आबा म्हणाले. "तो वाजू दे, आणि तोवर ऐक. पुसलेलं चित्र कोठारवाल्यांकडे मागितलं, तर ते परत देतात. तेवढ्यासाठीच ते आहेत. कापलेला साग तू कुणाकडे मागणार? धाकूने अजून चित्र उघडलं नसेल, तर त्याला आता तिथं काहीच दिसणार नाही. तो थांबेल आणि मला शिव्या घालेल. जुनं दिसलं असतं, तर विश्वासाने कापलं असतं."

शिष्येने फोन धरून ठेवला. कानाशी घंटी वाजतच होती.

"राखण दुसऱ्यावर सोपवता येते, बाळ. वस्तू हरवू नये, जळू नये, हे राखणदार बघतो. पण आत ठेवलेली वस्तू आजची की कालची, हे त्याला कसं कळावं? ते ठेवणाऱ्यानंच बघायचं. चित्र बिघडेल म्हणून तू घाबरलीस, त्यात वावगं काही नाही. पण घाबरून तू खरं चित्र जवळ ठेवलंस, आणि चुकीचं सगळ्यांच्या पुढ्यात राहिलं. धास्ती वाटली, तर ती मला सांगायची. दोघं मिळून कोठाराला आणखी एक कुलूप लावलं असतं."

तिने मान हलवली, आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आले, की इतके दिवस ती चित्राला जपत होती. होडीत बसणाऱ्या माणसांचा तिने विचारच केला नव्हता.

घंटी मध्येच तुटली. करवतीचा आवाज येतो का, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

"हॅलो! कोण, पोरी तू? अगो, त्या म्हाताऱ्याला विचार, होडी ठेवलीन कुठं? हातात करवत घेऊन मघापासून उभा आहे मी, आणि इथं चित्राचा पत्ताच नाय!"