भैरोबाचा नारळ

निमखेडच्या मधून चौपदरी महामार्ग गेला. गाव अलीकडे राहिलं, शाळा आणि भैरोबाचं देऊळ पलीकडे. गेल्या महिन्यात रस्ता ओलांडताना लहू डंबाळेचा थोरला भाऊ गेला. आता भावाची मुलगी चिमी रोज तिथूनच शाळेत जायची आणि ती परत येईपर्यंत लहूच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

गावात मंत्री आले, तेव्हा लहूनं भीतभीत भुयारी मार्ग मागितला.

मंत्री हसले. "अरे, सरकारनं रस्त्यात एवढा पैसा ओतला, म्हणून तालुक्यात कारखाने आले. प्रगती पळायला लागली. जरा थांबून ओलांडायला काय होतं तुम्हाला?"

मागे फौजदार डोळे वटारून उभा होता. तरी लहूनं नारळ पुढे केला. "साहेब, आमच्याकडं पाहुण्यानं पायी जाऊन भैरोबाला नारळ वाढवायची रीत आहे. चला."

मंत्री रस्त्याच्या कडेला आले. त्यांनी पाऊल टाकलं, तोच अंगाला वारा लावत ट्रक गेला. ते झटकन मागे सरले.

"फौजदार, गाड्या अडवा."

"नको, साहेब," लहू म्हणाला. "पळती प्रगती कशाला अडवता? चिमीसाठी कुणी अडवत नाही."

"मग मी पलीकडं जाऊ कसा?"

"मीही तेवढंच विचारत होतो, साहेब."

 मंत्री सोबतच्या इंजिनियरकडे वळून म्हणाले, "भुयार कुठून काढायचं, ते आजच आखा."

लहू ते ऐकायला थांबला नव्हता. पलीकडे शाळा सुटली होती.