चिमूटभर विजेची सून

“जिची भूकच चिमूटभर, ती ऐन वेळी काय उभी राहणार?” थोरला दीर, म्हणजे भोंगा, जाऊबाईंच्या, म्हणजे लाल बत्तीच्या, कानाशी कुजबुजला. नव्या सुनेला, तुलनेला, ते नेमकं ऐकू गेलं.

यंत्रांचे भाग आपसात बोलत, तेव्हाची ही गोष्ट. एका स्वयंपाकघराच्या छताला धुराची वर्दी देणारी डबी होती. तिच्यातल्या चिपमध्ये तुलना नुकतीच नांदायला आली होती. धुरामुळे वाढणारा प्रवाह मोठा की ठरवून दिलेला, एवढंच तिने सांगायचं. तिच्या जागी आधी जी होती, ती दिवसभर सेलमधली वीज पीत बसे. तुलना मात्र दोन्ही प्रवाह जवळ आले, की तेवढ्यापुरता घोट घेई.

“पोटभर घ्यावं गं, सासरी लाजू नये,” असं म्हणत बत्ती स्वतः झगझगत राही. तुलना मान डोलवी आणि आपल्या मापानेच घेई.

एका दुपारी घरातलं बाळ निजलेलं असताना गॅसवरचं दूध करपलं. धूर कोंडला. सेल खंगलेला, बत्ती तर कधीच विझलेली.

“आता मला वीज कुठली उरणार?” भोंगा रडकुंडीला आला.

दोन्ही प्रवाह बरोबरीला आले. तुलनेने घाई केली नाही. धुराचा प्रवाह केसभर पुढे सरकला, तशी ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली,

“धूर जास्त झालाय, भावजी. वाजा. मी प्यायले नाही, ती वीज तुमच्यासाठीच आहे.”