लाल अक्षरं

एका तालुक्याच्या गावी एक वाचनालय होतं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत काही जुने संगणक धूळ खात पडले होते. ते इतके मंद, की चालू करून माणूस चहा पिऊन आला तरी जागे झालेले नसत.

नुकतंच कॉलेज संपवून गावी आलेल्या हेमांगीने ती खोली हाती घेतली. मुलगी हुशार, पण भित्री. मागून कोणी हाक मारली तरी दचकायची. तिने संगणकांवरचं जुनं सगळं पुसलं आणि लिनक्स ही सर्वांना खुली असलेली प्रणाली बसवली. संगणक टुणटुणीत झाले.

आता तिला गावातल्या मुलींचा प्रोग्रॅमिंगचा वर्ग घ्यायचा होता. त्यासाठी तिने मुद्दाम एक नवी भाषा निवडली होती, कारण तिच्यात आज्ञा मराठीतून लिहिता येत. मुलींनी भराभर नावं दिली. एकीने तर त्यासाठी शिवणाचा क्लास सोडला.

अडचण एकच होती. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणारा कंपायलर लागतो. या भाषेचा कंपायलर तयार मिळत नव्हता. त्याचा मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्याच संगणकावर तो बांधून काढायचा, अशी रीत होती.

आणि खोलीवर डोळा होता शेटेकाकांचा. शेटेकाका वाचनालयाच्या समितीत होते आणि गावातले पट्टीचे कॅरम खेळणारे होते. त्यांचा बोर्ड बाहेर ओसरीत, उन्हात. समितीत त्यांनी ठरवूनच घेतलं होतं, "शनिवारी सकाळी वर्ग सुरू झाला तर ठीक. नाही झाला, तर खोली कॅरमला."

शुक्रवारी सकाळी हेमांगी कामाला बसली. तिने पहिली आज्ञा दिली. पडद्यावर अक्षरं धावली आणि एकाएकी लाल झाली. हेमांगीने घाबरून पडद्यावरची ती खिडकी झटकन बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा तीच आज्ञा दिली, पुन्हा लाल. पुन्हा बंद.

शेवटी तिने कॉलेजातल्या मैत्रिणीला, जुईलीला, फोन लावला.

"अगं, होतच नाहीये. लाल काहीतरी येतंय."

"लाल काय येतंय?"

"मी बंद केलं."

"म्हणजे पेशंटला घरी ठेवून डॉक्टरकडे आलीस! आधी वाच, मग मला सांग."

हेमांगी हो म्हणाली, पण वाचायचा धीर काही झाला नाही. त्यापेक्षा इंटरनेटवर शोधणं तिला सोपं वाटलं. कोणीतरी कुठेतरी लिहिलं होतं, 'आधी जुनं काढून टाका, म्हणजे नवं बसेल.' खाली आज्ञाही दिली होती. तिने ती जशीच्या तशी उचलून टाकली. संगणकाने काय काय काढणार ते भराभर दाखवलं आणि विचारलं, काढू का? हेमांगीने वर न बघता हो म्हटलं.

काढायला जुनं असं काही नव्हतंच. संगणक नुकताच तर नवा झाला होता. जे निघालं ते कामाचं निघालं. पडद्यावरची चित्रं गेली, खिडक्या गेल्या. उरला नुसता काळा पडदा.

"काय गं, झालं का?"

हेमांगी खुर्चीतून उडालीच. दारात शेटेकाका उभे होते. त्यांनी काळा पडदा पाहिला, तिचा रडवेला चेहरा पाहिला आणि आवाज मऊ केला.

"अगं, रडतेस कशाला? मशीनंच जुनी. तू म्हण मशीनं खराब आहेत, मीही समितीत तेच सांगतो. तुझ्यावर ठपका नाही, आमच्या बोर्डाला सावली."

हेमांगीला एकदम हलकं वाटलं. किती सोपं होतं! नुसतं 'हो काका' म्हणायचं. कोणी काही विचारणार नाही. पडदा काळा का झाला हे गावात कोणाला कळणार होतं? तिने तोंडही उघडलं.

पण मग तिला शिवणाचा क्लास सोडलेली ती मुलगी आठवली. तिला काय सांगायचं? तुझ्या वाटणीचं मशीन खराब निघालं?

"काका," ती कशीबशी म्हणाली, "मशीन खराब नाही. मी बिघडवलं. न वाचता हो म्हटलं."

सोंगटी भोकाच्या कडेवर येऊन अडावी तसा शेटेकाकांचा चेहरा झाला.

"मग आता?"

"आता दुसऱ्यावर करते."

"आणि तेही बिघडलं तर?"

"तर तेही मीच बिघडवलेलं असेल."

एवढं बोलून झाल्यावर घाबरायला फारसं काही उरलंच नव्हतं. ती शेजारच्या संगणकावर बसली. तीच पहिली आज्ञा. पुन्हा लाल अक्षरं. तिचा हात सवयीने खिडकी बंद करायला गेला. तिने तो मांडीखाली दाबून धरला.

"काय म्हणतोय?" शेटेकाकांनी मागून विचारलं. "शिव्या देतोय का?"

"नाही," हेमांगी एकेक ओळ वाचत म्हणाली. "म्हणतोय, सी भाषेचा कंपायलर सापडला नाही. आधी तो बसवा."

"अगं पण तू कंपायलरच बसवतेयस ना? कंपायलर बसवायला कंपायलर?"

हेमांगी चक्क हसली. "काका, दही लावायला दहीच लागतं ना? घर नवं आहे. घरात विरजणच नाही."

ते विरजण इंटरनेटवर लिनक्सच्या स्वतःच्या भांडारात तयार होतं. मागितलं तसं आलं. या वेळी संगणकाने बसवू का विचारलं, तेव्हा हेमांगीने शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं आणि मगच हो म्हटलं. मग नव्या भाषेचा कंपायलर बांधला जाऊ लागला. ओळींमागून ओळी वर सरकत होत्या. मध्येच सरकणं थांबलं की शेटेकाकाच खुर्ची पुढे ओढत. "अडला का गं?" "नाही काका, चाललंय." दुपारी हेमांगीने पहिला छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पडद्यावर 'नमस्कार' उमटला. संध्याकाळपर्यंत बाकीच्या संगणकांवरही तो उमटला. ज्याचा पडदा काळा झाला होता, तो तेवढा तसाच राहिला. त्याच्यावर सगळं पहिल्यापासून बसवायचं होतं.

शनिवारी सकाळी मुली आल्या. समितीची मंडळीही बघायला आली. अध्यक्षांनी काळ्या पडद्याकडे बोट केलं. "हे बंद का? आणि बाकीचे उद्या बंद पडणार नाहीत कशावरून?"

हेमांगी काही बोलायच्या आधी शेटेकाका पुढे झाले.

"ते या पोरीनं बिघडवलं. मी मशीनवर ढकलायला सांगत होतो, तरी तिनं स्वतःहून सांगितलं. बाकीची चालतात असं तीच म्हणतेय, तेव्हा ती चालतात. चला आता बाहेर, वर्ग सुरू होऊ द्या."

आणि ते ओसरीत जाऊन उन्हातच कॅरम मांडून बसले.

तात्पर्य: चूक काय सांगते ते डोळे उघडून वाचावं, आणि ती आपली असेल तर आपणच सांगावी; झाकून ठेवलेली चूक कोणालाच दुरुस्त करता येत नाही.