गलबतावरून न उतरलेला माणूस

"...पण बाबा, कुणीतरी शेवट करायलाच हवा ना?"

गोसावीबाबा खाडीकडे बघत राहिले. सकाळचं धुकं पाण्यावरून उठून मठाच्या पडवीत येऊन टेकलं होतं.

"काय शिकलास म्हणालास तिकडे, एडिंबराला?"

"इतिहास."

"कुणाचा?"

शार्दूल हसला. मग त्याला वाटलं, हसायला नको होतं.

त्याने लिहिलेली कादंबरी त्याच्या पणजोबांवर होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जनार्दनपंत मुंबईहून गलबतात बसले. गलबत बंदराला लागलं. माल उतरला, खलाशी उतरले, तांडेल उतरला... जनार्दनपंत उतरले नाहीत. वाटेत कुठे गेले, कुणीच पाहिलं नाही. घरात त्याचा उलगडा कधी झाला नाही.

शेवटच्या प्रकरणात शार्दूलने त्यांना बुडवलं होतं. आता छापायला देण्याआधी आशीर्वाद हवा होता.

"त्यांची लेक आहे ना अजून?"

"आहे. आत्याआजी."

"तिला वाचून दाखवलंस?"

"दाखवलं. म्हणाली, सगळं लिही रे, फक्त माझ्या बाबांना मारू नकोस." शार्दूल पुढे सरकला. "पण बाबा, तिच्यासाठीच तर लिहिलंय! जन्मभर ताटकळली बिचारी. आता तरी सुटेल."

"सोडव, असं म्हणाली?"

"...नाही."

माणूस परतला नाही, देहही सापडला नाही, तर पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देतात. आत्याआजीने तो विधी कधी होऊ दिला नव्हता.

"मागे पळस आहे," बाबा म्हणाले. "पानं घेऊन ये."

"आत्ता?"

"पुस्तकात मारलंस. मग हे राहायला नको."

शार्दूलने पानं आणली. दर्भाने बांधत तो पाय करू लागला, मग छाती, मग हात. धुक्यात त्याची स्वतःचीच बोटं त्याला परकी दिसत होती.

"डावा खांदा जरा उतरता हवा," तो पुटपुटला.

"कुणी सांगितलं?"

"मीच... लिहिलंय."

"बरं. उतरता कर."

डोक्याच्या जागी नारळ ठेवला. देह पडवीत आडवा झाला. खाडीवरून वारा आला आणि पानांची छाती हळूच वर झाली, खाली झाली.

बाबांनी धुनीतलं जळतं लाकूड उचलून त्याच्या हातात दिलं.

"दे अग्नी."

शार्दूल उभा राहिला. पलीकडे पाण्यावर एक शीड दिसल्यासारखं झालं... मग नुसतंच धुकं.

"दे की. शेवट करायलाच हवा ना?"

शार्दूल वाकला. त्याचा हात पानांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"ओली आहेत पानं," तो म्हणाला.

"पेटतील."

"नाही, म्हणजे... गारठले असतील ते."

आपण काय बोललो हे त्याला उशिरा कळलं. तोवर त्याने लाकूड धुनीत परत ठेवलं होतं आणि अंगातला कोट काढून त्या उतरत्या खांद्यावर पांघरला होता.



"बाबा... मग माझ्या शेवटच्या प्रकरणाचं काय करू?"

बाबांनी तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"आधी त्यांना पाणी दे. समुद्रातून आलेत."