उदयविलासचा ताप

माणगिरीच्या राजेसाहेबांची मोटरबोट ‘उदयविलास’ तिसऱ्यांदा भर खाडीत बंद पडली आणि शेवटी तिला सुक्या बोंबलांच्या होडीमागे दोर बांधून धक्क्याला आणावं लागलं. राजेसाहेब आतच बसलेले होते. उतरले तेव्हा फेट्यापासून मोजड्यांपर्यंत बोंबलांचा वास सुटला होता. त्यांनी कुणाकडे न बघता एकच हुकूम सोडला आणि बोटीचा इंजिनवाला पोशा तुरुंगात गेला.

दुखणं दर वेळी तेच. बोट धक्क्यावरून सुटली की पाव तासात इंजिन तापायचं, फुसफुसायचं आणि बंद पडायचं. मुंबईचा मिस्त्री आला, त्यानं इंजिन उघडलं, पुन्हा मिटलं आणि तेल बदला म्हणून गेला. जोशीबुवांना मंगळ आडवा आलेला दिसला. राजवैद्यांनी तर इंजिनाला चंदनाचा लेप दिला. त्या दिवशीही ते तापलंच, फक्त जरा सुगंधी तापलं. इकडे सोमवारी शेजारच्या संस्थानचे पाहुणे बेटावरचा किल्ला बघायला यायचे होते.

पोशाची बायको गजरा धक्क्यावर मासळी विकायची. ती टोपली बाहेर ठेवून दरबारात शिरली. तिनं सांगितलं की रंगकामासाठी बोट किनाऱ्यावर ओढली, तेव्हा नवरा पंधरा दिवस बहिणीच्या लग्नाला गेला होता. गेला तेव्हा बोट धडधाकट होती, आला तेव्हा आजारी. मग गुन्हा त्याचा कसा?

दिवाण म्हणाले, एवढं कळतं तर बिघाडही तूच शोध. दरबार हसला. राजेसाहेबांना मात्र हसू येत नव्हतं.

“शोध,” ते म्हणाले. “पण इंजिनाला हात लावायचा नाही. उघडून उघडून त्याचा पार खुळखुळा केलाय. उद्याची ओहोटी पुरी व्हायच्या आत सांगायचं. नाही सांगितलंस तर नवऱ्यासकट संस्थानाबाहेर.”

“म्हणजे नाडी न बघता रोग सांगायचा,” गजरा म्हणाली. “चालेल. नाडी बघणाऱ्यांनी तरी कुठं सांगितला?”

राजवैद्य खोकले.

सकाळी सगळा दरबार धक्क्यावर जमला. गजरानं बोट बांधलेलीच ठेवून इंजिन चालू करायला लावलं आणि स्वतः मागच्या बाजूला, धुराच्या नळीकडे बघत उभी राहिली. नवऱ्याला भाकरी पोचवता पोचवता तिनं वर्षानुवर्षं बघितलं होतं. बोट पोटाखालच्या भोकातून समुद्राचं पाणी ओढते, ते पाणी इंजिनाभोवती फिरून त्याला थंड ठेवतं आणि मागच्या नळीतून पिचकारीसारखं बाहेर पडतं. शेजारी जकातीची बोट इंजिन चालू ठेवून उभी होती, तिची नळी पाणी थुंकत होती. उदयविलासची नळी नुसता धूर काढत होती. पोशा आत इंजिनाशी बसायचा, तिथून ही नळी दिसत नव्हती.

पण हे तोंडानं सांगून कुणाला पटणार? तिनं मूठभर हळद मागवली, फडक्यात सैल बांधली आणि पुरचुंडी बांबूच्या टोकाला लावून जकातीच्या बोटीच्या पोटाखाली धरली. थोड्याच वेळात त्या बोटीच्या नळीतून पिवळं पाणी आलं. मग तोच बांबू तिनं उदयविलासच्या पोटाखाली धरला. हळद समुद्रभर पसरली, नळीतून थेंब आला नाही.

“महाराज, हा ताप नाही,” ती म्हणाली. “ही तहान आहे. इंजिनाला पाणीच मिळत नाहीये.”

इंजिन बंद करायला लावून तिनं ओचा खोचला आणि पाण्यात उतरली. छातीभर पाण्यात उभं राहून ती बोटीचं पोट चाचपू लागली. भोकाच्या जागी हाताला गुळगुळीत पितळी पत्रा लागला, चारी बाजूंनी खिळे ठोकलेला. त्यावर काहीतरी कोरलं होतं. तिनं बोटं फिरवली. सिंह लागला, वर उचललेली शेपटी लागली. ही राजमुद्रा होती.  गजरानं वर बघितलं, तर बोटीची डागडुजी करणारा सुतार धक्क्याच्या कडेला मान खाली घालून उभा होता.

ती त्याच्याजवळ सरकली. त्यानं हळूच सांगितलं. बोट किनाऱ्यावर असताना महाराज फिरत आले. भोक दिसलं तशी काठी आपटून म्हणाले, राजाच्या बोटीला भोक? आत्ताच्या आत्ता बुजवा! राजमुद्रेचा पत्रा दिवाणांनी सुचवला, आणि सगळ्यांनी वा वा केलं.

“काय सापडलं?” राजेसाहेबांनी वाकून विचारलं.

“भोक बुजवलंय, महाराज. पत्रा ठोकून.”

“कुणी? नाव सांग. आजच त्याला खाडीत बुडवतो.”

सुतारानं डोळे मिटले. गजरा पाण्यातून वर आली, पदर पिळला आणि म्हणाली, “मग महाराजांनी आधी पोहणं शिकून घ्यावं. पत्र्यावर सिंह आहे.”

 राजेसाहेबांना ती काठी आठवली आणि कानशिलं लाल झाली. ते गर्रकन दरबाराकडे वळले. “तुम्ही सगळे त्या दिवशी तिथं होतात. बोटीला ते भोक लागतं, हे एकालाही माहीत नव्हतं?”

दिवाण आभाळातले ढग बघू लागले. जोशीबुवांनी पंचांग उघडलं.

“त्यांच्यावर कशाला रागावता, महाराज?” गजरा म्हणाली. “त्या दिवशी एक पत्रा बोटीच्या तोंडाला लागला, बाकीचे ह्यांच्या. त्यातल्या त्यात बोट बरी. तोंड बुजवलं तरी तापून तापून सांगत राहिली. ही माणसं तर कोमटसुद्धा झाली नाहीत.”

 राजेसाहेबांना असं हसू फुटलं, की फेटा डोळ्यांवर आला. सुतारानं पाण्यात उतरून पत्रा उचकटला, इंजिन सुरू झालं, आणि नळीतून पाण्याची धार उडाली ती थेट दिवाणांच्या धोतरावर.

राजेसाहेबांनी पोशाच्या सुटकेचा हुकूम दिला आणि आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून गजराच्या हातावर ठेवलं. ते मनगटाला ढिलं झालं, म्हणून तिनं दंडावर चढवलं आणि ओल्या लुगड्यानंच ती नवऱ्याला आणायला तुरुंगाकडे निघाली.