विहिरीचा कठडा

“मग चर्चच्या मंडळीनं पवित्र शास्त्र घडवलं, की शास्त्रानं मंडळी घडवली? एवढंच सांगा, पाळकसाहेब.”

रणनवरे पाळक ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

“आधी बस.”

अबनेर बसला नाही. हातातली कापडी पिशवी पोटाशी धरून खांबाला टेकला.

सकाळ नेहमीसारखीच उजाडली होती. बाजरीचा डबा घेऊन तो गिरणीत रांगेला उभा होता. तेवढ्यात दाजींचा फोन आला. तबीथाआक्का गेली. दुखणं जुनं होतं, आज ना उद्या हे व्हायचंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अबनेरने फोन खिशात ठेवला आणि तो परत रांगेत जाऊन उभा राहिला. दळण घेऊनच घरी आला.

आक्का त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा त्याला न्हाऊ घालण्यापासून बायबलमधली अक्षरं बोटाने गिरवून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. पुढे तिला राहुरीकडे कॅथलिक घरात दिली आणि ती तिकडचीच झाली. अबनेर इकडे रणनवरे पाळकांच्या हाताखाली तयार झाला, पुण्याला धर्मशास्त्र शिकला, प्रॉटेस्टंट मंडळीचा सुवार्तिक, म्हणजे प्रचारक झाला. भाऊबहीण भेटले की ताटातलं जेवण निवायचं, वाद निवायचा नाही.

“दाजी म्हणाले, माती संध्याकाळी आहे. त्याआधी त्यांच्या चर्चमध्ये मिस्सा, त्यांची उपासना. मिस्सातलं पहिलं वाचन मी करायचं. आक्काच सांगून गेली तसं. उतारासुद्धा तिनंच निवडलाय.”

“बरं मग?”

“त्यांच्या बायबलात आहे पण आपल्या बायबलात नाही, अशा पुस्तकातला आहे.”

पाळकांनी आणखी एक शेंग फोडली. दाणे किडके निघाले. त्यांनी ते अंगणात कोंबड्यांपुढे टाकले.

“ते पुस्तक शास्त्र आहे, असं कुणी ठरवलं? त्यांच्या मंडळीनं. का, तर म्हणे मंडळीला तो अधिकार आहे. अधिकार कुणी दिला? शास्त्रानं. आणि शास्त्राचा अर्थ कोण लावणार? परत मंडळीच. म्हणजे फिर्यादी तेच आणि न्यायाधीशही तेच. तो उतारा वाचून झाला की हे देवाचं वचन, असं मला लोकांपुढं म्हणावं लागणार. कसं म्हणू?”

“म्हणू नकोस.”

“म्हणजे माझं बरोबर आहे?”

“बरोबर आहे.”

अबनेरला ते ऐकू आल्यासारखं दिसलं नाही. तो बोलतच राहिला. “विहिरीला कठडा बांधणारा उद्या म्हणाला, पाणी मीच आणलं, तर कसं चालेल? पाणी आधीचं. कठडा मागाहून आला.”

“हे वाक्य माझं आहे.”

“तुमचंच. तुमच्या प्रवचनातलं.”

“चांगलं आहे,” पाळक म्हणाले. दमलेल्या माणसाने म्हणावं तसं. “तिकडच्या जुन्या फादरांना मी ते कितीदा ऐकवलं. ते म्हणायचे, रणनवरे, कठडा नसला की विहिरीत पोरं पडतात. मग आम्ही चहा घ्यायचो.”

“आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?”

“साखर कमी आहे म्हणालो.”

अबनेरला हसू आलं नाही. समोरच्या रस्त्यावर राहुरीची एसटी आली. थांब्यावर कुणीच नव्हतं. ती क्षणभर थांबली आणि धुरळा उडवून निघून गेली.

“ही दुसरी,” पाळक म्हणाले. “पहिली तू थांब्यावर बसून घालवलीस. मी इथून पाहत होतो.”

...

“पिशवीत काय आहे?” पाळकांनी विचारलं.

“पातळ.”

“कसलं?”

“पांढरं. आक्कासाठी.” तो घुटमळला. “भावाकडचं पातळ अंगावर पडल्याशिवाय बाईला माती देत नाहीत. तिकडं सगळे त्यासाठीच खोळंबलेत.”

“हं... कुठल्या अध्यायात आहे हे?”

अबनेर पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागला.

“वचन सांग की. तुझं सगळं तोंडपाठ असतं.”

“कुठंच नाहीये, पाळकसाहेब.”

“मग तुला कुणी सांगितलं?”

“आई गेली तेव्हा मामांनी आणलं होतं. गर्दीत मला दिसेना, म्हणून आक्कानं कडेवर घेतलं...” त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “म्हणाली, नीट बघून ठेव. माझ्या वेळेला तू आणायचंस.”

“आणि तू तिला विचारलंस का, कुठल्या अधिकारानं म्हणून?”

...

पाळकांनी हातांवरची टरफलं झटकली आणि गुडघ्यावर जोर देत ते उठले. अबनेरच्या हातातली पिशवी घेतली. पातळ बाहेर काढलं, घडीला अडकलेली दुकानाची चिठ्ठी नखाने सोडवली, घडी पुन्हा नीट घातली. मग पिशवीत न ठेवता ते त्याच्या दोन्ही हातांवर ठेवलं.

अबनेरच्या भुवईवर पीठ होतं. सकाळचं. ते त्यांनी अंगठ्याने पुसलं.

“वाचू का नको, ते तुम्ही सांगितलंच नाही,” अबनेर म्हणाला. “उद्या आपलीच माणसं विचारतील, रणनवरे पाळकांचा चेला तिकडं जाऊन काय वाचून आला. त्यांना काय सांगू?”

“शास्त्र मंडळीच्या वर आहे. मरेपर्यंत मी हेच सांगीन.”

“मग?”

“तुझ्याही वर आहे. त्याचा न्यायाधीश तूही नाहीस.”

अबनेर खाली हातांकडे बघत राहिला. हात अडकलेले, त्यामुळे डोळे पुसता येईनात.

“पण मी तिथं जाऊन करू काय, पाळकसाहेब?”

पाळक चपला शोधत होते. एक पायात गेली. दुसरी दाराआड सापडली.

“माती अजून व्हायची आहे, या पातळासाठी खोळंबलीय. चल,” ते म्हणाले.