गोजराईनं तोंड उघडलं

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की करंजदऱ्याला यायला धड वाट नव्हती आणि एकदा आलेला माणूस चढाच्या धास्तीनं परत जात नसे.

त्या गावात गोजरा नावाची एकटी बाई राहायची. ती सुईण नव्हे. सुईण नाळ कापायची, पोर धुवायची. गोजरा पाठीशी बसायची. कळा सुरू झाल्या की ती भिंतीला टेकायची, बाईला पुढ्यात घ्यायची आणि मूल बाहेर येईपर्यंत तिचा सगळा भार आपल्या अंगावर पेलायची. मध्येच कानाशी बोलायची, मध्येच ओवी गुणगुणायची. तिचा टेका मिळाला की अडलेली बाई सुटते, असं म्हणतात.

याचं तिला मिळायचं काय? आशीर्वाद. "नुसतं बसायचं कसलं मोल?" म्हाताऱ्या म्हणायच्या. देवळातल्या गुरवतात्यांनी तर बजावून ठेवलं होतं, "गोजरा, तुझ्या अंगात गुण आहे. मोल घेतलंस की गुण जाईल." हेच तात्या देवापुढचे नारळ उपरण्यात बांधून रोज घरी न्यायचे. त्यांच्या गुणाला काही होत नव्हतं. दुसऱ्याच्या पोटावर केलेलं पुण्य थोरामोठ्यांना फार गोड लागतं.

गोजराला मात्र ते खरं वाटायचं. गुण गेला आणि एखादी पोर आपल्या मिठीत मेली तर? म्हणून कुणी विचारलंच, तर मान खाली घालून ती म्हणायची, "काय द्याल ते." लोक शिळी भाकरी द्यायचे, नाहीतर "देवमाणूस गं बाई" एवढंच देऊन वाटेला लावायचे.

एका वर्षी पाऊस गेला. गोजराची चूल थंड पडली. त्याच वर्षी धोंडाबाईच्या सुनेचं, मैनेचं, पहिलं बाळंतपण आलं. धोंडाबाईच्या घरी बाजरीच्या कणग्या गळ्यापर्यंत भरलेल्या. गोजराला सकाळीच बोलावणं आलं. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

दुपार कलली. मैना टेकून बसली होती आणि आजवर टेकलेल्या एकाही बाईला जे जाणवलं नव्हतं, ते तिला जाणवलं. तिच्या पाठीमागे पोटच नव्हतं. नुसता खळगा होता, आणि तो गुरगुरत होता. तेवढ्यात गोजराचे हात सुटले. ती एका कुशीला कलंडली. भर कळेत मैना वळली आणि तिनंच गोजराला सावरलं.

"आत्याबाई," ती सासूवर ओरडली, "मावशींचं पोट पाठीला लागलंय! मी टेकू कशाला?"

"तू तुझं बघ," धोंडाबाई म्हणाली. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं."

"तुमच्याही पाठीशी याच होत्या. तेव्हाही उपाशीच असतील! आधी यांना जेवू घाला. आणि मावशी, काय घेणार ते तुमच्या तोंडानं सांगा. तोवर हे पोर बाहेर येत नाही."

तिनं दातावर दात रोवले आणि कळा थांबल्या, असं म्हणतात. झाडावरचं पान हलेना. बातमी ऐकून अंगणात येऊन बसलेले गुरवतात्या ओरडले, "गोजरा, गुण जाईल हं!"

मागावं तर पोरीच्या जिवावर बेतणार, न मागावं तरी पोरीच्याच जिवावर बेतणार. गोजरानं आपल्या हातांकडे पाहिलं. गुण असलाच तर यांच्यातच ना? मग यांना खायला नको?

"एक पायली बाजरी," ती पुटपुटली.

"काय? ऐकू नाही आलं," धोंडाबाई म्हणाली.

"दोन पायल्या! आणि नवं लुगडं."

"अगं, वाढवतेस काय!"

"पुन्हा विचारा, तीन सांगते."

धोंडाबाई कणगीकडे पळाली. गोजरा जेवली, पोटभर. मग तिनं मैनेला पुढ्यात घेतलं आणि अशी रेटून बसली, की मागची भिंत वीतभर मागं सरकली, असं म्हणतात. पोर रडत आलं. मैना हसत होती. धोंडाबाई रडत होती, कणगीकडे बघून.

गुण गेला नाही. उलट वाढला. पुढं एकदा पूर आला आणि ओढ्यापलीकडे एक बाई अडली. गोजरा प्रवाहाला पाठ लावून ओढ्यात बसली, आणि बाईची बाज अलीकडे येईपर्यंत पाणी तटून उभं राहिलं, असं म्हणतात. पण त्याआधी काठावरच्या घरच्यांशी तिनं मोल ठरवून घेतलं होतं. ज्यांच्याकडे काहीच नसे त्यांना ती एक मूठ सांगायची. पण सांगायची.

आजही करंजदऱ्यात घरात कळा सुरू झाल्या, की चुलीवर पाणी चढायच्या आत घरातली सगळ्यात थोरली बाई उभी राहून पाठीशी बसणारीला विचारते, "काय घेणार?" ती सांगेल त्यावर फक्त "बरं" म्हणायचं. घासाघीस केली तर पोर अडून बसतं, असं म्हणतात. खरंखोटं बघायची हिंमत अजून एकाही सासूची झालेली नाही.

आणि गावातली कुठलीही पोर, शिवण करणारी असो की शिकवणी घेणारी, पहिल्यांदा आपल्या कामाचं मोल सांगायला निघाली की उंबऱ्यात थांबून हात जोडते. "गोजराई," म्हणते, "तू मागितलंस म्हणून आम्हाला मागता येतं."